धूळ, व्होल्टेज आणि उडणारा मुलगा

दाराशी आलात की चपला काढा, आणि पाय त्या ओल्या गोणपाटावर नीट पुसा. आत देवघर नाही. आत सेल आहेत, म्हणजे वहीच्या पानापेक्षा थोडे मोठे, पारदर्शक, गुळगुळीत अॅसिटेटचे ताव. त्यांना दिल्लीची धूळ चालत नाही.

साल 1986, महिना जून. जंगपुऱ्यातल्या एका तिमजली घराच्या गच्चीवर, बरसातीत तुम्ही उभे आहात. बरसाती म्हणजे गच्चीवरची एक-दीड खोली. आधी ती पाऊस आला की खाटा आत ओढायच्या सोयीची होती, पुढे चित्रकार आणि नाटकवाल्यांनी तिथे बिऱ्हाडं केली. ही बरसाती मी तुमच्यासाठी रचली आहे. तिला पाटी नाही, मालकाचं नाव नाही. पण आत जे चाललं आहे ते सगळं त्या काळी हाताने कार्टून बनवणाऱ्यांच्या टेबलांवर रोज चालत होतं. या प्रवासात तुम्ही 22 वर्षांची मुलगी आहात. करोल बागेत मावशीकडे राहता, सकाळी डबा घेऊन बस पकडता, आणि तीन महिन्यांपासून इथे ट्रेसिंगला बसता.

बाहेर लू वाहते आहे. पारा 40 च्या वर. आत मात्र पंखा बंद, कारण पंख्याने सेल उडतात आणि ओल्या रंगावर कण बसतात. कूलर तर दाराबाहेरच ठेवलेला. त्याची दमट हवा कागदाला फुगवते, आणि कागद केसभर जरी फुगला तरी पेग बारच्या खुंट्यांवर त्याची भोकं नेमकी बसत नाहीत. मग आधीच्या चित्रातलं नाक आणि पुढच्या चित्रातलं नाक एका रेषेत येत नाही, आणि पडद्यावर नायक थंडी भरल्यासारखा थरथरतो. म्हणून उकाडा सोसायचा. हातात पांढरे सुती मोजे, त्यांची अंगठ्याजवळची दोन बोटं निब धरण्यासाठी कापलेली. घाम कपाळावरून खाली येण्याआधी दंडाला पुसायचा. सेलवर पडलेला घामाचा एक थेंब रेषा फोडतो.

टेबलावर आजच्या भागाचा नायक. एक मुलगा, लाल शेला, निळा सदरा, आणि तो उडतो.

आता हिशेब करू, कारण या खोलीत सगळे सतत तोच करत असतात. दूरदर्शनवर सेकंदाला 25 चौकटी जातात. वीस मिनिटांच्या भागाच्या झाल्या 30,000. एकेक चित्र दोन-दोन चौकटी धरून ठेवलं, तरी 15,000 चित्रं लागतात. मुख्य चित्रकार की-ड्रॉइंग काढतो: मुलगा वाकला, मुलाने जमीन सोडली, मुलगा छपरावर पोचला. त्यांच्या मधली चित्रं इनबिटवीन करणाऱ्याची. हात चांगला बसलेल्याने दिवसाला 25 नेटकी चित्रं काढली असं धरा, म्हणजे एकट्याला 600 दिवस झाले. सहा जण बसवा, 100 दिवस. त्यानंतर प्रत्येक चित्र सेलवर ट्रेस करायचं, उलटवून मागून रंगवायचं, वाळवायचं, कॅमेऱ्याखाली ठेवायचं. आणि मालिका म्हटली की प्रेक्षक पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पुन्हा पडद्यासमोर बसणार.

या हिशेबातून सुटायचा मार्ग एकच: वजाबाकी. तीन महिन्यांत तुम्हाला कळलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. बाहेरच्या लोकांना वाटतं अॅनिमेशन म्हणजे चित्रं काढणं. इथे बसलं की दिसतं, काय काढायचं नाही हे ठरवण्यातच निम्मी बुद्धी जाते. मुलगा बोलतो तेव्हा त्याचं शरीर एका सेलवर स्थिर राहतं, फक्त तोंड दुसऱ्या सेलवर बदलतं. ध्वनिपट्टी चौकटी-चौकटीने ऐकून एक्सपोजर शीटवर अक्षरं मांडलेली असतात. 'प-ब-म'ला ओठ मिटलेले, 'आ'ला उघडे, 'ऊ'ला पुढे आलेले. सात-आठ तोंडांत अख्खी हिंदी बसते. मिटलेल्या ओठांचं तोंड जागेवर पडलं की बाकीचं डोळा समजून घेतो. ते एक चुकलं, तर मात्र आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटायला लागतो.

आणि उडणं? उडण्याइतकं सोपं काही नाही. मुलगा जागेवर, लांबलचक रंगवलेली बॅकग्राउंड त्याच्या खालून सरकते, आणि शेल्याची आठ चित्रं पुन्हा पुन्हा फिरतात. अवघड असतं ते चालणं. पावलाला जमीन लागते, जमिनीवर वजन पडतं, आणि वजन खोटं ठरलं की लहान मूलसुद्धा ओळखतं. सगळ्या जगातले सुपरहिरो पडद्यावर इतके उडतात, त्याला हेही एक कारण आहे असं माझं मत आहे.

शेजारच्या टेबलावर आज वाद आहे. कोणीतरी राज कॉमिक्सचा नागराज आणून ठेवला आहे, दिल्लीतून यंदाच निघालेला. त्याच्या चित्रांवर पुण्याच्या प्रताप मुळीकांचा हात आहे, अमर चित्रकथेत तयार झालेला. अंगावरचे हिरवे खवले बघा. खांदा वळला की खवले वळतात, मूठ आवळली की दंडावर ताणले जातात. कॉमिकच्या पानावर ते पाच-सहा वेळा काढायचे असतात, आणि मुळीकांसारख्या चित्रकाराला ते काढावेसेच वाटणार. नवा मुलगा विचारतो, आपल्या नायकाला असं काही का नाही? मुख्य चित्रकार उत्तर देत नाही. पेन्सिल घेतो आणि एका दंडावरचे खवले मोजतो. मग तो आकडा 15,000 शेजारी लिहून कागद त्या मुलाकडे सरकवतो.

हे कोडं साऱ्या जगाने सोडवलं ते असंच. 1967 मध्ये अमेरिकेत स्पायडरमॅनची पहिली कार्टून मालिका निघाली, तेव्हा कॉमिकमध्ये त्याच्या अंगभर असलेलं जाळं चित्रकारांनी पुसून टाकलं. मुखवट्यावर ठेवलं, हातमोज्यांवर आणि बुटांवर ठेवलं, छाती मात्र कोरी लाल. मालिकेच्या 52 भागांत किती हजार तास त्या कोऱ्या छातीने वाचवले असतील! मुखवट्यावर जाळं आहे ना, मग डोळा ते छातीवरही बघतो. इमारतींमधून झोके घेण्याची तीच ती दृश्यं भागामागून भागांत वापरली, आणि मुलांनी दर वेळी श्वास रोखला. आणि आपल्याकडे 1986 हे साल 'गायब आया'चं. शुद्धसत्त्व बसू यांनी दिग्दर्शित केलेली, भारतीय दूरचित्रवाणीवरची पहिली अॅनिमेशन मालिका म्हणून ती ओळखली जाते. तिचा नायक एक भूत आहे, भल्यांना मदत करणारं आणि दुष्टांना धडा शिकवणारं. अमानवी शक्तीचा आपला पहिला मालिका-नायक गायब या नावाचा असावा, हे मला फार जवळचं वाटतं.

आता उठा, आतल्या काळोख्या खोलीत चला. तिथे कॅमेरा आहे. चार खांबांमध्ये उभा, खाली तोंड करून टेबलाकडे बघणारा. त्याला पुढची गती आहे तशी मागचीही आहे. एक दृश्य विरून दुसरं उमटायचं असलं, की फिल्म तेवढ्या चौकटी मागे नेतात आणि तिच्यावर पुन्हा चित्रण करतात. त्याची मागच्या गतीची कळ दाबा. दाबून धरा. आकडे उलटे पळू देत.

1974. दिल्ली तीच, पण दूरचित्रवाणी काळी-पांढरी. 15 सप्टेंबर 1959 ला प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं तेही याच शहरात. संच थोडे, आणि जिथे संच आहे तिथे अख्खी गल्ली. याच दिल्लीत विजया मुळे नावाची मराठी बाई मुलांसाठी सात मिनिटांचा चित्रपट करते आहे. वय 53, सगळे त्यांना अक्का म्हणतात. जन्म मुंबईचा, लग्न होऊन पाटण्याला गेल्या, इंग्लंडात लीड्सला शिकल्या, मग शिक्षण खात्यात दिल्लीला. दिल्ली फिल्म सोसायटी उभारणाऱ्यांत त्या होत्या. 'भुवन शोम'मधली सुहासिनी मुळे ही त्यांची मुलगी. आता शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रात त्यांच्यापुढे एक अजब काम आहे. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2,400 खेड्यांत कार्यक्रम जाणार आहेत. सकाळच्या वेळेत शाळेतल्या मुलांसाठी. ज्यांनी आयुष्यात कधी हलतं चित्र पाहिलं नाही, अशी मुलं जमिनीवर मांडी घालून बसणार आहेत. त्यांना काय दाखवायचं, आणि कसं?

अक्कांच्या या चित्रपटाचं नाव 'एक अनेक और एकता'. अॅनिमेशन भीमसेन यांचं. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात ते घडले. हा विभाग 1950 च्या दशकात डिस्नेकडच्या क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली उभा राहिला होता. संगीत वसंत देसाईंचं, सिंधुदुर्गाच्या मातीतल्या माणसाचं. आणि गाण्यात जो कोवळा आवाज आहे तो दाभोळच्या साधना सरगमचा, तेव्हा ती लहान मुलगी होती. हिंदी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना तोंडपाठ असलेल्या त्या सात मिनिटांत इतकी मराठी माणसं आहेत, हे दिल्लीतल्या मराठी घरांतही फारसं कोणाला ठाऊक नसतं. मला याची खंत आहे, म्हणूनच तुम्हाला इथे थांबवलं.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पारध्याच्या जाळ्यात पक्षी अडकतात, एकटा एकटा फडफडतो तेव्हा काही होत नाही, सगळे मिळून उडतात तेव्हा जाळं घेऊन उडतात, आणि उंदीर ते जाळं कुरतडतात. यात मुखवटा नाही, शेला नाही. पण भारतीय पडद्यावरची याहून मोठी महाशक्ती मला आठवत नाही.

आता ट्रेसिंगच्या टेबलावरून या गोष्टीकडे बघा. 'एक' सोपा आहे. 'अनेक' हाच या धंद्यातला सर्वांत महाग शब्द. एक पक्षी म्हणजे पंखांची काही चित्रं. वीस पक्षी म्हणजे त्याच्या वीसपट रेषा, वीसपट रंग, आणि वर त्या जाळ्याचे दोरे, जे प्रत्येक पंखाबरोबर हलायला हवेत. संकल्पनेच्या पानावर एका ओळीत लिहिलेली एकजूट चित्रकाराच्या मनगटात उतरते. ती पेलायची तर पक्षी साधा असायला हवा. आज तो चित्रपट पुन्हा बघाल तेव्हा त्या आकृत्यांचा साधेपणा नीट बघा. गोल डोकी, सपाट रंग, मोजक्या रेषा. बालिश म्हणून त्या साध्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा पडदा बघणाऱ्या मुलाच्या डोळ्याला नेमकं काय पुरेल, याचा विचार त्यांच्यामागे आहे.

आणखी एक अडचण इथेच कळते. चित्रपट रंगीत आहे, बघणाऱ्यांचे संच काळे-पांढरे. भारतात रंगीत प्रक्षेपण यायला 15 ऑगस्ट 1982 उजाडावा लागला. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर लाल आणि हिरवा बऱ्याचदा एकाच राखाडीत जातात. लाल फुलावर हिरवं पान ठेवलंत तर रंगीत पडद्यावर बाग दिसेल, खेड्यातल्या पडद्यावर डाग. म्हणून चित्र दोनदा तपासायचं, एकदा रंगासाठी, एकदा उजेड-अंधारासाठी. डोळे बारीक करून, पापण्यांच्या फटीतून बघितलं की रंग मरतो आणि नुसती छटा उरते. हे तुम्हीही करून बघा, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

या चित्रपटाला शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अक्का 2019 मध्ये दिल्लीत गेल्या, 98 वर्षांच्या होऊन.

कळ सोडा. परत जून 1986.

रात्रीचे अकरा वाजले आहेत. कॅमेरा रात्रीच चालतो. संध्याकाळी सगळ्या कॉलनीचे कूलर आणि दिवे एकदम लागतात, तेव्हा व्होल्टेज बसतं. दिवे मंद झाले की प्रकाश पिवळा पडतो. मग एकाच दृश्यातली आधीची 40 चित्रं पांढऱ्या उजेडात आणि नंतरची 40 पिवळ्या, आणि पडद्यावर आभाळ लुकलुकतं. स्टॅबिलायझर आहे, पण त्यावर विश्वास कोण ठेवणार? अकरानंतर काटा जागेवर येतो. कॅमेरामन चाचा काळा शर्ट घालून बसतात, कारण सेलच्या चकचकीत पृष्ठभागावर पांढरा शर्ट उमटतो. भिंगाभोवतीही काळा पुठ्ठा आहे. तुमच्या कानातल्या बाळ्या त्यांनी पहिल्याच रात्री काढायला लावल्या होत्या.

आजचा शॉट तीन सेकंदांचा. 75 चौकटी. मुलगा झाडांमागून निघून छपरावर झेप घेतो. तुम्ही चित्रं देता, चाचा ठेवतात, काच खाली येते, सेल दाबले जातात, एक चौकट, पुन्हा तीच चौकट, काच वर. चार थरांची चळत आहे. सगळ्यात खाली लांबची माणसं, मग मुलगा, मग त्याचं तोंड, वर झाडाची फांदी. थर वाढला की खालचा रंग काळवंडतो, अॅसिटेट थोडा उजेड खातं. म्हणून रंगाच्या शेल्फावर लाल एक नाही. लाल-1, लाल-2, लाल-3 अशा बाटल्या आहेत. शेला फांदीच्या खालून वर आला की त्याची बाटली बदलायची, म्हणजे बघणाऱ्याला तो एकच वाटतो. कधी वरच्या थरात काहीच नसलं तरी कोरा सेल ठेवावा लागतो, नाहीतर तेवढ्या वेळापुरता मुलगा उजळतो. पहिल्या महिन्यात तुम्हाला हे वेडेपणाचं वाटलं होतं, की कोरा ताव मोजून, पुसून, खुंट्यांवर बसवायचा!

31 व्या चित्राला चाचा थांबतात. पट्टा नाही. मुलाच्या कमरेचा पिवळा पट्टा 31 ते 34 या चार सेलवर रंगवायचा राहिला आहे. चार चित्रं, आठ चौकटी, सेकंदाचा तिसरा हिस्सा. पडद्यावर पट्टा गायब होऊन परत येईल, आणि घरी कोणीतरी नक्की बोट दाखवेल. सेल तुम्ही तपासले होते. तुम्ही काही बोलत नाही. रंगाच्या टेबलावरची मुलगी झोपलेली असते, तिला उठवायचं नाही असं ठरवता आणि स्वतःच पिवळी बाटली उघडता. पिवळा-2. उलट्या बाजूने, रेषेच्या आत, निबने नव्हे तर ब्रशने ढकलत, रंगाचा थेंब सरकवत. चार पट्टे. वाळायला वीस मिनिटं. फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ बसते.

वाट बघताना गच्चीवर या. निजामुद्दीन स्टेशनाच्या दिशेने गाडीची शिट्टी येते. पश्चिमेकडे आभाळ तांबूस झालं आहे, आणि हवेला तो ओळखीचा मातकट वास आहे. आंधी येणार. आत जाऊन खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबा, दाराखाली गोणपाट. सगळ्या ओल्या सेलवर उलटी परात झाका. दोन मिनिटांत झाडं घुसळायला लागतात, पत्रे वाजतात, आणि मग व्हायचं तेच होतं: लाइट गई.

अंधारात कोणीच हलत नाही. कॅमेरा 60 व्या चौकटीवर होता, का 61 व्या? झडप उघडी राहिली असेल तर त्या चौकटीवर काळोख नाही, अर्धवट उजेड बसला असेल. काट्याचा आकडा टॉर्चच्या उजेडात वाचता येतो, पण काटा सांगतो ते मोटारीचं, फिल्मवर काय उमटलं ते नाही. ते कळेल रोल लॅबमधून धुऊन आल्यावर, रशेस बघताना. चाचा क्षणभर विचार करतात आणि एक्सपोजर शीटवर त्या शॉटपुढे दोनच अक्षरं लिहितात: एनजी, म्हणजे नो गुड. पहिल्यापासून पुन्हा, सगळ्या 75. वीज पहाटे अडीचला येते. दिवे तापून स्थिर व्हायला दहा मिनिटं द्यायची. चारला शॉट संपतो. झेप पुरी होते. चाचा फिल्मचा डबा बंद करून त्यावर चिकटपट्टी गुंडाळतात.

पाचला नळाला पाणी येतं, सातला जातं. एवढ्या वेळात रात्रीचं शेवटचं काम उरकायचं असतं. सेल परदेशी मालाचा, महाग आणि मोजका. शॉट झालेला सेल ठेवून देण्याची चैन इथे नाही. बादलीत पाणी, त्यात थोडा साबण, हातात मऊ फडकं. तुम्ही गच्चीवर उकिडवे बसता आणि पहिला सेल बुडवता. पोस्टर कलर आधी फुगतो, मग सालीसारखा सुटतो. लाल शेला गेला. निळा सदरा गेला. पिवळा पट्टा, रात्री जपून भरलेला, अंगठ्याच्या एका फिरवण्यात गेला. राहिली काळी रेष, ती स्पिरिटच्या बोळ्याने. 31 वा, 32 वा, 33 वा. गच्चीच्या मोरीतून जांभळट पाणी वाहत खाली गल्लीत जातं.

धुतलेले सेल दोरीवर चिमट्याने टांगायचे. सूर्य वर आला की ते नुसतेच चमकतात. पण तिरकं धरून बघितलं तर निबने जिथे दाब दिला होता तिथे एक बारीक ओरखडा राहिलेला असतो. उचललेला हात, वाकलेला गुडघा. दुपारी याच सेलवर तुम्हाला पुढच्या भागातला पोलीस ट्रेस करायचा आहे. ओरखडा रंगाखाली झाकला जाईल अशा बेताने तुम्ही सेल निवडता, आणि ज्याच्यावर तो झाकला जाणार नाही, तो बाजूला ठेवता.